कथा कुणाची, कात्री कुणाची?

पुण्याच्या पूर्वेस नगर रस्त्यावर असलेले वाघोली हे गाव पूर्वी वाघेश्वराचे मंदिर, पिलाजी जाधवरावांची समाधी आणि दगडाच्या खाणी यांसाठी ओळखले जात असे. २०२१ साली ते पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. आज तेथील महाविद्यालये, वसतिगृहे आणि भाड्याच्या खोल्यांतून राहणारे विद्यार्थी ही त्याची नवी ओळख आहे. अशा एखाद्या खोलीतील साध्या संगणकावर आज जे काम करता येते, त्यासाठी पन्नास वर्षांपूर्वी मोठ्या स्टुडिओच्या संकलन-कक्षाचे दार ठोठवावे लागले असते. पडद्यावर आलेला चित्रपट पुन्हा कापावा, त्यातील प्रसंग मागेपुढे करावेत, काही गाळावेत आणि मूळ कथेशी अधिक इमानी वाटणारी नवी आवृत्ती तयार करावी, हा छंद जगभरच्या चित्रपटवेड्यांत गेल्या पंचवीस वर्षांत रुजला आहे. अद्भुतरम्य कादंबऱ्यांवरून काढलेल्या चित्रपटांच्या वाट्याला ही कात्री विशेष येते. कारण या कादंबऱ्यांचे वाचक कथेतील बारीकसारीक तपशील मनात जपून असतात.

हा रिकामटेकड्यांचा खेळ म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणे सोपे आहे. परंतु कथेवर मालकी कुणाची, ती बदलण्याचा अधिकार कुणाला आणि बदलानंतर मूळ कृतीचे काय व्हावे, हे तीन गंभीर प्रश्न या खेळाच्या पोटात दडलेले आहेत. यंत्राच्या साह्याने चित्रपटाचा शेवटच बदलता येऊ लागल्यामुळे त्यांची उत्तरे आता लांबणीवर टाकता येणार नाहीत.

साधन स्वस्त झाले

पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जागेवर १९६० साली शासनाने चित्रपट प्रशिक्षण संस्था स्थापन केली. तेथे संकलन शिकणारा विद्यार्थी फिल्मचे तुकडे हाताने कापून जोडीत असे. फिल्मचा प्रत्येक फूट पैशांत मोजावा लागे आणि चुकीच्या जागी कापलेला तुकडा पुन्हा जोडताना त्याची खूण राही. साधने महाग होती, त्यामुळे ती वापरणारे हात मोजके होते. आज व्यावसायिक संकलक वापरतात त्या ‘दाविंची रिझॉल्व्ह’सारख्या संगणक-प्रणालीची एक आवृत्ती विनामूल्य मिळते. कितीही वेळा कापले तरी मूळ प्रत झिजत नाही. उत्पादनाचे साधन जवळजवळ फुकट झाले की उत्पादकांची संख्या वाढते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक नियम आहे. लॉ कॉलेज रस्त्यावर मोजक्यांना मिळणारी विद्या नगर रस्त्यावरील कोणालाही सुलभ झाली, ती याच नियमाने.

या छंदाची चर्चा प्रथम झाली ती २००१ च्या सुमारास. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील १९९९ च्या चित्रपटातून सुमारे वीस मिनिटे कमी केलेली एक ध्वनिचित्रफीत अमेरिकेत हस्ते-परहस्ते फिरू लागली. ती एका संकलकाने स्वतःच्या समाधानासाठी तयार केली होती. त्यानंतर या छंदातील जाणत्या मंडळींनी स्वतःवर काही बंधने घालून घेतली. मूळ चित्रपट विकत घेतलेला असावा, नवी आवृत्ती विकू नये, आणि काय गाळले व काय हलविले याची यादी प्रामाणिकपणे द्यावी, अशी ती बंधने होत. कायद्याने सांगण्यापूर्वीच हौशी लोकांनी स्वतःसाठी आचारसंहिता तयार केली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

एक पुस्तक, तीन तिकिटे

हा असंतोष कोठून येतो हे समजण्यासाठी ‘हॉबिट’चे उदाहरण पुरेसे आहे. इंग्रज प्राध्यापक जे. आर. आर. टोल्कीन यांचे हे पुस्तक १९३७ साली मुलांसाठी प्रसिद्ध झाले. त्यांची पुढील बृहत्कथा ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादामुळे ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठी वाचकांपर्यंत आलेली आहे. त्या तीन खंडांवर दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी २००१ ते २००३ या काळात तीन चित्रपट काढले. ‘हॉबिट’ हे मात्र एकच आटोपशीर पुस्तक. त्याचे प्रथम दोन चित्रपट व्हावयाचे होते. जुलै २०१२ मध्ये तिसऱ्याची घोषणा झाली. २०१२, २०१३ आणि २०१४ अशा सलग तीन वर्षांत ते पडद्यावर आले. तिन्हींची एकत्र लांबी जवळजवळ आठ तास भरते; म्हणजे पुस्तक वाचून काढण्यास जेवढा वेळ लागावा, त्याहून फारसा कमी नाही.

यामागील हिशेब उघड आहे. नेपथ्य, वेशभूषा, तंत्रज्ञ, नटांचे करार हा मोठा खर्च एकदा झाला की आणखी एका चित्रपटाचा वाढीव खर्च त्याच्या संभाव्य उत्पन्नाच्या मानाने कमी पडतो. तिन्ही चित्रपटांनी मिळून जगभरात सुमारे २९० कोटी डॉलरांची तिकीटविक्री केली, तेव्हा निर्मात्यांचा हिशेब चुकला असे कोणी म्हणणार नाही. ‘हॅरी पॉटर’च्या सात पुस्तकांचे आठ चित्रपट झाले आणि शेवटचे पुस्तक २०१० व २०११ अशा दोन भागांत विभागले गेले, तेही याच न्यायाने. परंतु कथेची गरज आणि खतावणीची गरज या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुस्तकात नसलेली पात्रे आणि उपकथानके या लांबीच्या पोटी जन्माला येतात, आणि त्यांची किंमत प्रेक्षक आपल्या वेळेने मोजतो.

जानेवारी २०१५ मध्ये, म्हणजे तिसरा चित्रपट येऊन महिना उलटतो न उलटतो तोच, एका अनामिक चाहत्याने या तिन्हींचा मिळून साडेचार तासांच्या आतील एकच चित्रपट केला. मुख्य प्रवासाशी संबंध नसलेली उपकथानके त्याने काढून टाकली, पाठलाग आणि लढाया आखडल्या, आणि नायक बिल्बो याला पुन्हा कथेच्या मध्यभागी आणले. त्यानंतर इतरही अनेकांनी आपापली ‘हॉबिट’ तयार केली. मोबदला शून्य, काम शेकडो तासांचे, आणि हेतू एकच की वाचलेली कथा पडद्यावर ओळखू यावी. बाजाराने न पुरविलेली वस्तू ग्राहकानेच तयार केली, असे याचे वर्णन करता येईल.

तथापि चाहत्यांची कात्री नेहमीच निष्पाप असते असे समजण्याचे कारण नाही. ‘हॉबिट’च्या त्या आवृत्तीत टॉरिएल या योद्ध्या स्त्रीचे प्रेम-कथानक गळाले. ती पुस्तकात नाही, हे खरे. पण तिन्ही चित्रपटांत महत्त्वाची म्हणावी अशी तीच एक नवी स्त्री होती, हेही खरे. मूळ कृतीशी इमान राखण्याच्या नावाखाली तिच्या मर्यादाही जशाच्या तशा परत येतात. जानेवारी २०१८ मध्ये तर ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील नव्या चित्रपटातून स्त्रियांचे प्रसंग शक्य तेवढे कापून उरलेली ४६ मिनिटांची आवृत्ती कोणी अनामिकाने प्रसृत केली. त्यात कलाप्रेम कमी आणि आकस अधिक होता. कात्री हे साधन आहे. धरणाऱ्याच्या मनात जे असेल तेच ती करणार.

मोरोपंत आणि एकनाथ

कथा पुन्हा रचणे हा प्रकार परदेशातून आला, असे मात्र मराठी माणसाने म्हणू नये. बारामतीस राहिलेल्या मोरोपंतांच्या (१७२९ ते १७९४) नावावर परंपरा एकशे आठ रामायणे सांगते. तीच कथा त्यांनी वेगवेगळ्या बंधनांत बसवून पुन्हा पुन्हा सांगितली. निरोष्ठ रामायणात ओठांस ओठ लागणारी अक्षरेच वर्ज्य आहेत. नायकाच्या नावातच ‘म’ असलेल्या कथेत हे बंधन पाळणे किती अवघड, ते निराळे सांगावयास नको. कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो, तेव्हा समोरचा श्रोतृवर्ग आणि हाताशी असलेला वेळ पाहून प्रसंग वाढवतो वा आखडतो. एकनाथांचे भावार्थ रामायण अपुरे राहिले, ते त्यांचा शिष्य गावबा याने पुरे केले असे मानले जाते. आपल्याकडे कथा ही सार्वजनिक विहिरीसारखी होती; पोहरा मात्र ज्याचा त्याने आणावयाचा.

परंतु त्याच एकनाथांनी दुसरेही एक काम केले, आणि ते या चर्चेत तितकेच महत्त्वाचे आहे. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत नकलकारांच्या चुका आणि हौशी मंडळींच्या पदरच्या ओव्या शिरल्या होत्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, त्यांनी प्रती ताडून पाहून ज्ञानेश्वरीचा शुद्ध पाठ सिद्ध केला. आणि यापुढे त्यात जो आपली ओवी मिसळील तो अमृताच्या ताटात करवंटी ठेवील, अशा अर्थाचा इशाराही दिला. रामायण आपल्या शब्दांत नव्याने सांगणारा कवी आणि ज्ञानेश्वरीत अक्षराचीही भेसळ खपवून न घेणारा संपादक हा एकच पुरुष आहे. त्यात विसंगती नाही. नवी रचना आपल्या नावाने करावी, तिला खुशाल नवे रूप द्यावे; पण मूळ ग्रंथात गुपचूप हात घालून ते मूळच आहे असे भासवू नये, असा तो विवेक आहे. मोरोपंतांच्या एकशे आठ रामायणांमुळे वाल्मीकींचे एकही अक्षर पुसले गेले नाही. आजच्या प्रश्नाचा निवाडा करण्यास याहून चांगली कसोटी सापडणे कठीण.

मालकाची कात्री

ही कसोटी चाहत्यांना लावावयाची, तशी ती मालकांनाही लावली पाहिजे. एस. एस. राजामौली यांचा ‘बाहुबली’ २०१५ आणि २०१७ अशा दोन भागांत आला. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यांनी स्वतःच हे दोन्ही भाग मिळून पावणेचार तासांची एक आवृत्ती प्रदर्शित केली. ‘हॉबिट’च्या चाहत्याने केले तेच येथे दिग्दर्शकाने केले. नव्या आवृत्तीला निराळे नाव दिले, जुने भाग जागच्या जागी राहिले. यात कोणाची फसवणूक नाही.

‘रांझणा’ची गोष्ट निराळी. २०१३ च्या या हिंदी चित्रपटाची ‘अंबिकापती’ ही तमिळ आवृत्ती १ ऑगस्ट २०२५ रोजी पुन्हा प्रदर्शित करताना हक्कधारक कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने तिचा शेवटच बदलला. मूळ कथेत मरणारा नायक नव्या आवृत्तीत जिवंत राहिला. दिग्दर्शक आनंद राय आणि नट धनुष या दोघांनीही जाहीरपणे आक्षेप घेतला. परंतु कायद्याने चित्रपटाचा ‘कर्ता’ निर्माता असतो, दिग्दर्शक नव्हे. ज्याने कथा पडद्यावर उभी केली त्याला तिचा शेवट राखता येत नाही, आणि ज्याच्याकडे हक्काचे कागद आहेत त्याला तो बदलता येतो, अशी ही स्थिती आहे.

उलट ‘शोले’चे उदाहरण. १९७५ साली, आणीबाणीच्या काळात, परीक्षण मंडळाच्या आग्रहामुळे त्याचा शेवट बदलावा लागला. ठाकूर गब्बरला ठार मारतो, त्याऐवजी पोलीस वेळेवर येऊन पोचतात असे दाखविले गेले. मूळ शेवटासह सिद्ध केलेली प्रत जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे आणि डिसेंबरमध्ये भारतात दाखविली गेली. हे शक्य झाले, कारण त्या शेवटाची फिल्म पन्नास वर्षे कोठेतरी टिकून राहिली. ती नष्ट झाली असती, तर सत्तेने लिहिलेला शेवट हाच कायमचा शेवट ठरला असता.

मूळ प्रत आणि नंतरची प्रत यांची खूण राहिली नाही म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राला दादासाहेब फाळक्यांच्या बाबतीत कळून चुकले आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. पुढे १९१७ मध्ये फाळक्यांनी तीच कथा पुन्हा चित्रित केली. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात या कथेची जी रिळे आहेत, ती पहिल्या चित्रपटाची की दुसऱ्याची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. भारताचा पहिला कथापट म्हणून जे आपण दाखवितो ते नेमके काय आहे, हेच वादग्रस्त व्हावे, ही साधी हानी नव्हे.

कायद्यातील पोकळी

आता वाघोलीतील एखाद्या विद्यार्थ्याने विकत घेतलेल्या चित्रपटाचे आपल्या खोलीत पुनर्संकलन केले, तर कायदा त्याला काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम खाजगी वापर, संशोधन, टीका आणि परीक्षण यांसाठी केलेल्या उचित वापरास मुभा देते. ही मुभा पूर्वी साहित्य, नाट्य, संगीत आणि चित्र-शिल्पादी कलाकृतींपुरती होती. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटही तिच्या कक्षेत आले. त्याच कलमात शिक्षक व विद्यार्थी यांनी अध्यापनाच्या ओघात केलेल्या नकलेसही सवलत आहे, आणि दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने या सवलतीचा उदार अर्थ लावला. तेव्हा स्वतःपुरते किंवा वर्गापुरते केलेले पुनर्संकलन या मुभेत बसावे, असे मानण्यास जागा आहे. पण तीच आवृत्ती चार मित्रांना दिली अथवा सर्वांसाठी खुली केली की भूमी निसरडी होते. हेतुपुरस्सर हक्कभंगास ६३ व्या कलमाने ३ वर्षांपर्यंत कारावास आणि २ लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. विक्रीसाठी हजारो प्रती काढणारा चोर आणि एक पैसाही न घेता कथेची नवी मांडणी करणारा अभ्यासू हे दोघेही एकाच कलमाच्या जाळ्यात येतात. न्यायालय शिक्षेत फरक करू शकेल; पण खटल्याची धास्ती दोघांना सारखीच.

लेखकाच्या बाजूने ५७ वे कलम उभे आहे. कृतीची मोडतोड करून प्रतिष्ठेस बाध आणल्यास लेखकाला दाद मागता येते. ‘आपका बंटी’ या कादंबरीवरील चित्रपटाबाबत मन्नू भंडारी यांनी केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली हा हक्क चित्रपट-रूपांतरालाही लागू पडतो हे स्पष्ट केले. दिग्दर्शकाच्या हाती मात्र असे शस्त्र कायद्याने दिलेले नाही.

या पुनर्संकलनास विरोध करणारे दोन मुद्दे मांडतात, आणि ते दोन्ही दखलपात्र आहेत. पहिला असा की शेकडो माणसांच्या श्रमातून उभ्या राहिलेल्या वस्तूवर परक्याने कात्री चालवावी, हा त्या श्रमांचा अवमान आहे. दुसरा असा की नवी आवृत्ती फुकट मिळू लागली तर मूळ चित्रपट कोण विकत घेईल? पहिल्याचे उत्तर एकनाथांच्या कसोटीत आहे. बदल उघडपणे, निराळ्या नावाने आणि यादीसह केला, तर मूळ श्रम झाकले जात नाहीत. उलट कोणत्या प्रसंगावाचून कथा लंगडी पडते हे कळून त्यांचे मोल अधिक उमगते. दुसरा मुद्दा मात्र मान्य केला पाहिजे. मूळ चित्रपटाची जागा घेणारी पूर्ण लांबीची प्रत मोकळी वाटणे हे, ती कितीही निरपेक्ष वृत्तीने वाटली तरी, मालकाच्या रास्त उत्पन्नावर आघात करते. म्हणून हौशी संकलकांनी स्वतःहून पाळलेला ‘आधी मूळ विकत घ्या’ हा दंडक कायद्याच्या भाषेत आणावयास हवा.

काय करावे

यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, कॉपीराइट कायद्यात पुनर्संकलनाचा स्पष्ट उल्लेख करून अव्यापारी, नामनिर्देश केलेल्या आणि मूळ प्रतीच्या विक्रीस बाध न आणणाऱ्या कामाला फौजदारी कलमांतून वगळावे. नुकसान झाले असल्यास दिवाणी दाव्याचा मार्ग मालकाला मोकळा राहीलच.

दुसरी, मालकाने बदललेल्या प्रत्येक आवृत्तीवर ती बदललेली असल्याची ठळक सूचना असावी आणि प्रथम प्रदर्शित झालेली प्रत संग्रहालयात जमा करणे बंधनकारक असावे. पुस्तकांची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात पाठविण्याचे बंधन १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांवर आहे. चित्रपटांना तो कायदा लागू नाही. ज्या समाजाने फाळक्यांची रिळे ओळखण्यात अडचण अनुभवली आहे, त्याने हे बंधन मागण्यास संकोच करू नये.

तिसरी गोष्ट पुण्याच्या हातची आहे. चित्रपटावरील मालकीहक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो. फाळक्यांचे मूकपट आणि प्रभातचे १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’, १९३६ चा ‘संत तुकाराम’, १९४० चा ‘संत ज्ञानेश्वर’ यांसारखे बोलपट या मुदतीच्या केव्हाच पलीकडे गेले आहेत. गीत-संगीताचे हक्क स्वतंत्र असतात, तेवढे तपासून घ्यावे लागतील. १९६४ मध्ये स्थापन झालेले आणि २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेले संग्रहालय या चित्रपटांच्या प्रती महाविद्यालयांना अभ्यासासाठी देऊ शकते. वर्गात एखादा प्रसंग तीन प्रकारे जोडून पाहिला, तर संकलन म्हणजे काय हे तासभराच्या व्याख्यानापेक्षा अधिक चांगले समजेल. बातमीची चित्रफीत कापून तिचा अर्थ कसा उलटविता येतो, हेही त्याच अभ्यासातून कळेल. चित्रफितींच्या या युगात नागरिकाला हे ज्ञान अक्षरओळखीइतकेच लागणार आहे.

ज्या भाषेने एकच कथा एकशे आठ वेळा सांगणाऱ्या कवीला मान दिला, तिला नव्या मांडणीचे भय वाटण्याचे कारण नाही. काळजी करावयाची ती बदल लपविणाऱ्याची आणि मूळ पुसणाऱ्याची. मग तो खोलीत बसलेला हौशी असो वा हक्काचे कागद बाळगणारी कंपनी. पहिल्याला जरब बसविण्यासाठी कायद्याकडे पुरेशी कलमे आहेत. दुसऱ्याला आवरील असे एकही कलम अद्याप लिहिले गेलेले नाही, आणि प्रथम लिहावयाचे ते तेच.